सुरभी फोर्ट, फेज एक

पायदळ दोनशे अठ्ठ्याऐंशी. घोडेस्वार छप्पन्न. तोफा नऊ, त्यांतल्या एकीचं चाक गेलेलं, म्हणजे हिशेबाला साडेआठ. हत्ती दोन, एकाला सोंड नाही. शिड्या सहा, झेंडे अकरा, सेनापती दोन्ही बाजूंचा एकेक. हे सगळं सैन्य काजूकतलीच्या दोन रिकाम्या डब्यांत मावतं, कारण एक सैनिक सहा मिलिमीटरचा आहे. घरातला तांदळाचा दाणा उभा केला तर जेवढा होईल, तेवढा. (मी करून पाहिलं. दाणा उभा राहत नाही, डिंक लागतो.)

किल्ला : शून्य.

ही मोजदाद मी एका शनिवारी संध्याकाळी केली, कारण त्या दुपारी फिझाचा खालापूरहून फोन आला होता. फिझा आणि मी बी.एस्सी.ला फिजिक्सच्या एकाच बाकावर होतो. तेव्हापासून आम्ही या चिमुकल्या सैन्यांच्या लढाया खेळतो. टेबलावर रान मांडायचं, फासे टाकायचे आणि पट्टीनं मोजून सैन्य पुढं सरकवायचं. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत हा खेळ खेळणाऱ्यांची एकूण संख्या, माझ्या माहितीप्रमाणे, दोन आहे.

"लेटर आलं गं," फिझा म्हणाली. "बडोदा. येत्या मंगळवारी नाही, पुढच्या मंगळवारी हजर व्हायचंय. सोमवारी सकाळी निघते."

"अभिनंदन," मी म्हणाले, आणि मनात वजाबाकी केली. दोन वजा एक.

"आणि सतरा-सतरा आहे."

हे मला माहीत होतं. चौतीस लढाया झाल्या होत्या, सतरा तिच्या, सतरा माझ्या.

"असं अर्धवट सोडून मी जाणार नाही," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी शेवटची. पण मैदानातली नको. वेढा पाहिजे. आणि पुस्तकं रचून त्याला किल्ला म्हणायचं नाही हं. चार वर्षं आपण डिक्शनरीवर हल्ले करतोय."

"आठ दिवसांत किल्ला कुठून आणू?"

"ते तू बघ. दहिवलीत तुझं घर, तुझं टेबल. मी वेढा घालणार, तू आत बसणार. आत बसायला जागा कोणी करायची?"

तर्क बिनतोड होता. त्या क्षणापासून मला स्वस्थ बसवेना. मी खालापूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. दिवसभर रबरी वॉशरची जाडी मोजते. सोमवारी एका वॉशरची जाडी मी चार वेळा मोजली आणि चारही वेळा नोंदवहीत "तटबंदी" लिहिलं.

बाजारात किल्ले आहेत, नाही असं नाही. परदेशी दुकानांत रेझिनचे इतके सुंदर मिळतात की चित्रावरून बोट हलत नाही. किंमत पाहिली की हलतं. माझा दीड पगार, आणि घरपोच मिळायला एकवीस ते चाळीस दिवस. चाळिसाव्या दिवशी फिझा बडोद्यात पर्मनंटसुद्धा झाली असेल.

मग मी स्टेशनाजवळच्या माशांच्या दुकानात गेले. तिथं फिशटँकमध्ये ठेवायचे किल्ले असतात. एक हातात घेतला. जांभळा बुरूज, गुलाबी छप्पर, दरवाजा अठ्ठेचाळीस मिलिमीटर उंच. म्हणजे माझे आठ सैनिक एकमेकांच्या डोक्यावर उभे राहून आत जाऊ शकले असते. माझ्या हातातली पट्टी पाहून दुकानदार जवळ आला.

"मासे कुठले आहेत?"

"मासे नाहीत."

"मग कासव?"

"दोनशे अठ्ठ्याऐंशी पायदळ," मी म्हणाले.

त्यानं किल्ला माझ्या हातातून काढून घेतला आणि परत फळीवर ठेवला.

मंगळवारी अर्धी रजा टाकून एका इंजिनिअरिंग कॉलेजात गेले. त्यांच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे असं ऐकलं होतं. होता. प्लास्टिकच्या आवरणाखाली होता आणि आवरणावर हार होता, कारण दसऱ्यानंतर तो कोणी उघडला नव्हता. कार्यालयातल्या क्लार्कबाईंनी फॉर्म दिला. त्यात 'उपकरण वापरण्याचा हेतू' असा रकाना होता. मी प्रामाणिकपणे 'वेढ्यासाठी किल्ला' असं लिहिलं.

"हे कुठल्या विभागात बसतं?" बाईंनी विचारलं. "सिव्हिल की मेकॅनिकल?"

मी विचार केला. "किल्ला सिव्हिल. वेढा मेकॅनिकल."

"मग दोन अर्ज करा. आणि दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या. सिव्हिलचे सर सोमवारी येतील."

सोमवारी फिझा गाडीत बसलेली असणार होती.

घरी आले तर समोरच्या इंदूकाकू आमच्याच स्वयंपाकघरात बसून माझ्या प्रश्नावर चर्चा करत होत्या. "एवढं काय गं त्यात? दिवाळीत पोरं करतात की मातीचा. चार विटा, एक गोणपाट, वरून अळीव टाकायचं. माझा नातू दोन तासांत करतो."

नातू नऊ वर्षांचा आहे. या तुलनेनं मी दुखावले, पण विज्ञान अपमान बाजूला ठेवायला शिकवतं. मी गॅलरीत मातीचा एक दरवाजा आणि दोन बुरूज करून पाहिले. बुधवारपर्यंत माती सुकून साडेसात टक्के आक्रसली, आणि दरवाजातून घोडेस्वार जाईना. गेला तो डोकं ठेवून गेला.

"अळीव टाकलंस का?" इंदूकाकूंनी विचारलं.

त्या संध्याकाळी जिन्यात विलासकाका भेटले. विलासकाका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि उरलेल्या वेळात प्लॉट दाखवतात. आमच्या भागात हा वेगळा धंदा मानला जात नाही. इथं न्हावी प्लॉट दाखवतो, दूधवाला प्लॉट दाखवतो, माझ्या दातांच्या डॉक्टरांनी मी तोंड उघडून बसलेली असताना 'नदी टच' असलेला एक प्लॉट मला सांगितला होता आणि मी नाही म्हणू शकत नव्हते.

"मॉडेल पाहिजे ना?" काका म्हणाले. "लोधिवलीच्या मालोजीकडे जा. सगळ्या बिल्डर लोकांची मॉडेलं तोच करतो. माझं नाव सांग."

मला हे आधीच सुचायला हवं होतं.

लोधिवलीला मालोजींची पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये सात शहरं होती. सनबोर्डाच्या हलक्या पांढऱ्या पुठ्ठ्याचे टॉवर, काड्यापेटीएवढे बंगले, स्पंजची झाडं, निळ्या काचेचे स्विमिंग पूल. त्यातलं एकही कधी बांधलं गेलं नव्हतं. बिल्डर पळाले, बँका आल्या, मॉडेलं राहिली. मालोजी त्यांच्यावरची धूळ ब्रशनं झटकत होते.

"किल्ला?" ते म्हणाले. "आमी कंदी केला नाय. पण करू की. हे भंगार पडलंच हाय. डिंकाचं नि माज्या चहाचं दे, बास."

मी वहीत काढलेला नकाशा दिला. तट सात सेंटिमीटर, बुरूज पाच, दरवाजा एक. मालोजींनी तो दोन मिनिटं पाहिला.

"पार्किंग कुटं हाय?"

"पार्किंग नाही, काका. किल्ला आहे."

"घोडे कुटं लावतील?"

मी नकाशावर घोड्यांसाठी एक चौकोन काढला.

"हे बघ, पोरी," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "पंचवीस वर्सं हेच करतोय. हिरवळ नसंल तर मानूस थांबत नाय. लाईट नसंल तर बघत नाय. तू फकस्त शनवारी टेंपोची वाट बघ."

मी वाट पाहिली. गुरुवारी पाहिली, शुक्रवारी पाहिली, मध्ये सातदा फोन केला. प्रत्येक वेळी मालोजी म्हणाले, "सुकतंय." शनिवारी चार वाजता टेंपो आला.

किल्ला सुंदर होता. एका सोडून दिलेल्या स्कीमच्या टेकडीवर, सनबोर्डाच्या थरांवर थर चढवलेल्या, पाच बुरूज उभे होते. भिंतीला दगडी कागद. खंदकात निळी काच. आणि बाकी सगळं मालोजींच्या पंचवीस वर्षांतलं होतं. प्रत्येक बुरजाच्या खिडकीत पिवळा दिवा, तटाच्या आत लहान मुलांसाठी घसरगुंडी, चौदा गाड्यांचं पार्किंग, खंदकाकाठी दोन आरामखुर्च्या. पुढं सोनेरी अक्षरांत माझ्या नावाची पाटी होती. 'सुरभी फोर्ट – फेज १'.

"पाटी कशाला, काका?"

"पाटी नसली की मॉडेल उगडं दिसतं."

टेकडीसकट तळाच्या फळीची लांबी एकशे बावीस सेंटिमीटर, रुंदी ब्याण्णव. माझं टेबल एकशे तीस बाय शंभर. हे मी आधी मोजलं होतं, मालोजींना कळवलं होतं, अधोरेखित केलं होतं. आमच्या घराचा दरवाजा शहात्तर आहे. हे मी मोजलं नव्हतं.

"आडवा करून?" बाबांनी सुचवलं. बाबा पंचायत समितीतून निवृत्त झाले आहेत आणि प्रत्येक अडचणीवर एक मधला मार्ग असतो असं मानतात.

"आडवा केला तर सगळं गाव खाली यंल," मालोजी म्हणाले, आणि टेंपोत बसून गेले.

किल्ला पार्किंगमध्ये राहिला. एकवीस सोसायटी सभासदांच्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्या सर्व जनतेच्या नजरेसमोर.

खरं सांगायचं तर त्यानंतर जे झालं ते दुसऱ्या कुठल्या गावात झालं नसतं. दुसरीकडे लोक म्हणाले असते, छान किल्ला आहे. आमच्याकडे मॉडेल दिसलं की माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ताब्याचा. साडेचारला तळमजल्यावरच्या सरांनी विचारलं, पझेशन कधी? पाचला इस्त्रीवाला म्हणाला, एनए झालंय का? साडेपाचला तीन अनोळखी माणसं मोटरसायकली लावून खंदकाकडे पाहत होती आणि एक म्हणत होता, "वॉटर बॉडी चांगली दिली हाय."

"हे विकायला नाही," मी म्हणाले.

"सगळं गेलं?" त्यानं हळहळून विचारलं, आणि लगेच फोन काढून कुणाला तरी सांगितलं, "पहिला फेज संपला रे."

मी कागदावर 'हा खेळातला किल्ला आहे' असं लिहून पाटीखाली चिकटवलं. विलासकाकांनी ते वाचलं, मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली केला. "थीम चांगली आहे. मागं एकानं इटलीची थीम केली होती, तिला एवढा प्रतिसाद नव्हता. पण मला आधी सांगायचं ना. मी तुला मालोजीचा पत्ता दिला, आणि तू मलाच बाहेर ठेवलंस?"

"काका, हा खरंच किल्ला आहे. उद्या फिझा वेढा घालणार आहे."

"ही पार्टनर का?"

रात्रीच्या जेवणाआधी मला सोसायटीच्या लेटरहेडवर नोटीस मिळाली. 'संस्थेच्या आवारात विनापरवाना गृहप्रकल्पाचे प्रदर्शन केल्याबाबत. उद्या दुपारी एकपर्यंत हलवावे, अन्यथा कार्यवाही करण्यात येईल.' खाली विलासकाकांनी हातानं लिहिलं होतं, 'दक्षिण बुरुजात एक टू बीएचके माझ्यासाठी ठेवणे.' मी दोन प्रतींत उत्तर दिलं : सदर किल्ल्यात कोणीही राहणार नाही, सदर किल्ला उद्या सकाळी दहा ते एक या वेळेत लढवला जाईल, तरी परवानगी मिळावी. त्यांनी पोच दिली. परवानगी दिली नाही, नाकारलीही नाही. बाबा म्हणाले, हा शासकीय पद्धतीत होकारच असतो.

रविवारी फिझा साडेनऊला आली. पाठीवर सॅक, हातात फाशांची डबी. तिनं किल्ल्याभोवती एक फेरी मारली, घसरगुंडी पाहिली, आरामखुर्च्या पाहिल्या.

"सुरभी," ती म्हणाली, "मी याच्यावर हल्ला करू की सुट्टी घालवू?"

पण तिचे डोळे चमकत होते, आणि माझेही चमकत असावेत.

नियम साधे ठरले. बारा फेऱ्या. पायदळाची चाल एका फेरीत साठ मिलिमीटर. उतारावरून चढता येणार नाही, फक्त वाटेनं. बाराव्या फेरीअखेर तिची एक जरी तुकडी कुठल्याही दरवाजातून आत पोचली तर किल्ला तिचा आणि अठरावा विजयही तिचा. नाही पोचली तर दोन्ही माझे.

पहिल्या चार फेऱ्यांत तिनं साडेआठही तोफा मुख्य दरवाजासमोर आणल्या. पाचव्या फेरीला माझा सोंड नसलेला हत्ती पडला. भोवती आता बाराएक माणसं उभी होती. ती शांत होती, कारण प्रत्येकाला वाटत होतं की यातून शेवटी प्लॉटवाटप निघणार. विलासकाकांनी नोटिशीची प्रत हातात ठेवून दक्षिण बुरुजावर लक्ष ठेवलं होतं.

नवव्या फेरीला बाहेर एक रिक्षा थांबली आणि तीतून भिवाजीकाका उतरले.

भिवाजीकाका बाबांचे चुलतभाऊ. गावाकडची जमीन, एक खाचर आणि मागचं टेकाड, दोघांच्या नावावर एकत्र आहे. बाबांनी ती कसली नाही, त्यांनी कसली. आणि या गोष्टीवरून दोघं कधी भांडले नाहीत, कारण कोणी विषय काढला नाही. आज काका विषय घेऊनच आले होते. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. सरळ किल्ल्याकडे आले, वाकले, आणि टेकडीच्या कडेवर बोट ठेवलं.

"हे आमचं टेकाड हाय."

बाबा जिन्यावरून चहा घेऊन येत होते, ते तिथंच थांबले.

"मला इस्त्रीवाल्याच्या मेव्हण्यानं सांगितलं, तवा इश्वास नाय बसला," काका बोट न उचलता म्हणाले. "तीन सालामागं तो कंपनीवाला मोजून गेला व्हता. आपुन दोघांनी नाय म्हणलं व्हतं. दोघांनी, दादा! आणि आता तुझ्या पोरीचं नाव पाटीवर?"

"अरे भिवाजी, हे पुठ्ठ्याचं आहे रे!"

"मॉडेल पुठ्ठ्याचंच असतंय! मी काय येडा हाय?"

बाबांनी मोबाईलवर सातबारा उघडायचा प्रयत्न केला. पार्किंगमध्ये रेंज येत नाही. ते फोन डोक्यावर धरून गेटपर्यंत गेले आणि परत आले. मी मालोजींचं सांगू लागले, की ही टेकडी भंगारातली, त्या न झालेल्या स्कीमची, आम्हाला ठाऊकही नव्हतं. सांगताना मला जाणवलं की आपल्याच टेकाडावर मी कालपासून सैन्य मांडत होते आणि मला ते ओळखू आलं नव्हतं. काकांनी ते रिक्षातून उतरता उतरता ओळखलं होतं.

"काका," फिझा म्हणाली, "बसा ना. खरंच खेळ आहे. तीन फेऱ्या राहिल्यात. उद्या मी गाव सोडून चाललेय, मी कशाला खोटं सांगू?"

काका बसले नाहीत. पण उभे राहिले. दहावी फेरी झाली. अकरावी झाली. मुख्य दरवाजात माझ्या नऊ तुकड्या घट्ट उभ्या होत्या, फिझाच्या पाच शिड्या मोडल्या होत्या, आणि घाईत टाकलेला माझा फासा खंदकात पडला. एक फेरी. मी जिंकत होते.

"तुमी इकडून कशाला मरताय?" भिवाजीकाका एकदम म्हणाले. रागातच म्हणाले, जमीन आपली आहे हे सिद्ध करायच्या भरात. "मागून बैलवाट हाय की. ही बघ. आमी गुरं ह्यातून चढवायचो, दादा नि मी. दादा दर टायमाला हितं घसरायचा."

"हितं नाही, वर," बाबा गेटजवळून म्हणाले.

आम्ही दोघी वाकलो. सनबोर्डाच्या थरांमध्ये एक बारीक चरी वळसे घेत वर जात होती. मालोजींनी मोजणीच्या नकाशावरून कापलेली, खरी. वर जिथं ती तटाला भिडत होती तिथं त्यांनी, कचऱ्याच्या गाडीसाठी असेल, एक छोटा दरवाजा ठेवला होता. मी तिथं एकही सैनिक ठेवला नव्हता. आणि चरीच्या पायथ्याशी, आठ फेऱ्या विसरलेली, फिझाची एक तुकडी बारा सैनिकांनिशी उभी होती.

"वाट आहे," फिझा हळूच म्हणाली. "नियमात बसते?"

"बसते," मी म्हणाले.

"मग साठच्या आत आहे का, बघू."

आता भिवाजीकाकांच्या लक्षात आलं. त्यांनी एकदा फिझाकडे, एकदा माझ्याकडे, एकदा टेकाडावरच्या तटाकडे पाहिलं. "थांबा! मोजनी दोन्ही पार्ट्यांसमोर व्हायला पायजे."

"संस्थेतर्फे मी साक्षीदार," विलासकाका पुढं आले.

वाट वाकडी होती, पट्टी चालणार नव्हती. इंदूकाकूंनी गॅलरीतून शिवणाचं रीळ खाली टाकलं. मी दोरा तुकडीच्या पुढच्या कडेला धरला आणि चरीतून एकेक वळण वर नेऊ लागले. भिवाजीकाका माझ्या कानाशी वाकले.

"दोरा जरा सैल धर गं, बाय," ते पुटपुटले. "वळनावर कोन बगतंय? आपली जमीन हाय."

सैल दोरा म्हणजे जास्त लांबी. साठच्या पुढं जायला प्रत्येक वळणावर पाव मिलिमीटर ढील पुरली असती. समोर फिझा उकिडवी बसली होती. ती दोऱ्याकडे पाहत नव्हती. फासे डबीत भरून ती सॅकचा बंद लावत होती.

मी दोरा ताणला, उंबऱ्यापाशी नखानं खूण केली, स्टीलच्या पट्टीवर धरला. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा.

एकोणसाठ पूर्णांक पाच. एकोणसाठ. एकोणसाठ पूर्णांक पाच. सरासरी एकोणसाठ पूर्णांक तेहतीस मिलिमीटर. अठरा-सतरा, फिझा.